फॅब्रित्सिओंच्या माघारी

"मगर न्यायची नसेल, तर एकही मूर्ती मिळणार नाही," ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या.

फादर सिल्व्हेस्त्रोंनी घाम पुसला. सकाळपासून हेच चाललं होतं. रोममधल्या जेझुइटांच्या विद्यालयात ते गणित शिकवत. रेक्टरांनी त्यांना भर वर्गातून उठवून या घरी धाडलं होतं. बाईंचे यजमान फॅब्रित्सिओ यांनी रेक्टरांना पूर्वीच शब्द दिला होता, की माझ्या माघारी माझा सगळा संग्रह तुमचा. त्यातून विद्यालयाचं नवलाईच्या वस्तूंचं दालन उभं राहायचं होतं. काल बाईंचा निरोप आला: ते गेले, गाडी घेऊन या.

फादरांना हव्या होत्या फक्त जुन्या मूर्ती आणि दिवे. बाई मात्र भुसा भरलेली मगर, देवमाशाची बरगडी, दोन डोक्यांचं वासरू, सगळंच त्यांच्या गळ्यात मारत होत्या. जिन्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. चुलीच्या वरसुद्धा कसली तरी शिंगं टांगलेली होती.

दुःखात माणूस असंच वागतं, अशी फादरांनी मनाची समजूत घातली. आवाज मऊ करून त्यांनी विचारलं, "शांतपणे गेले ना?"

"शांतपणे? शेवटपर्यंत सूचना चालू होत्या. मगरीला तेल लाव, वासराला ऊन दाखव. लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय, फादर."

"देव त्यांना शांती देवो."

"मला दिली तरी चालेल."

फादर आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये करायच्या मिस्सेचं बोलू लागले, तर बाईंनी मध्येच विचारलं, शनिवारच्या आत घर रिकामं होईल ना? शेवटी फादरांनी हात टेकले. मगर दारात अडकली आणि तिचं शेपूट तुटलं. वासराच्या पोटातला भुसा रस्ताभर सांडत गेला. लोक खिडक्यांतून हसत होते. शेवटची खेप निघाली तेव्हा बाई रिकाम्या खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या, डोळे मिटून. फादरांना गलबलून आलं.

रेक्टरांना मात्र आनंद मावेना. त्यांनी दारावर दिवंगत दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी बसवली आणि रविवारी कार्डिनलना बोलावलं. मगरीचं शेपूट चिकटवायचं काम अर्थात फादरांच्याच वाट्याला आलं.

रविवारी कार्डिनल दालनात शिरले. त्यांच्या मागोमाग एक धुळीने माखलेला लठ्ठ गृहस्थ गर्दीतून वाट काढत आला, पाटीसमोर बराच वेळ थबकला, मग थेट मगरीकडे जाऊन तिचं शेपूट पिरगाळू लागला.

आता मात्र फादरांचा संयम सुटला. "हात लावू नका. दिवंगत फॅब्रित्सिओसाहेबांची ठेव आहे ती."

"उलटं चिकटवलंय," गृहस्थ म्हणाला. "लोरेतोच्या यात्रेहून आत्ताच परत येतोय, फादर. बायको दार उघडीना. म्हणाली, तुमचं सगळं तिकडे पोचवलंय, आता तुम्हीही तिकडेच राहा."