डुगडुगता बाक

आठवड्यात तिसऱ्यांदा सुतार चर्चमध्ये आला होता. कन्फेशनच्या जाळीसमोरचा गुडघे टेकायचा बाक पुन्हा डुगडुगत होता, आणि पुन्हा तोच स्क्रू गायब. "हा बाक स्क्रू खातो की काय, फादर?" कुरकुरत त्याने नवा पिळला. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, तेव्हा घाईही नव्हती.

"वजन टाकून बघ," जाळीपलीकडून फादर म्हणाले.

बारा वर्षांनी त्याचे गुडघे तिथे टेकले.

"हलतोय का रे अजून?"

"बाक नाही, फादर. मी हलतोय." त्याने जाळीला कपाळ टेकवलं. "बायको पाणी पाणी करत गेली, तेव्हा मी शेजारच्या खोलीत पिऊन पडलो होतो."

क्षमेचे शब्द ऐकून तो उठला, तेव्हा फादरांनी त्याच्या तळहातावर तीन स्क्रू ठेवले. "पुढच्या वेळी मला स्क्रू काढायला लावू नकोस."