ताईची उत्तरं

बाईंनी पत्र मनातल्या मनात दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, तेव्हा त्यातलं एकही वाक्य कागदावरचं नव्हतं.

"ताई म्हणते, तब्येतीला जप. वर्गात बसत जा. स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिशील, तेव्हा उत्तर देईन."

समोरच्या बाकावरचा माणूस पस्तिशीचा होता. तुरुंगात त्याला सगळे चावी म्हणत. कुठलंही कुलूप त्याच्यापुढे टिकत नसे. अक्षरं तेवढी बंद होती.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच."

पत्र फायलीला लागतं म्हणून बाईंनी ते स्वतःकडे ठेवून घेतलं. तिरप्या, घाईच्या अक्षरात त्यात लिहिलं होतं, 'आमच्यासाठी तू मेलास. पुन्हा काही पाठवू नकोस.'

बाई मंगळवारी आणि शुक्रवारी तुरुंगात शिकवायला येत. कोठाराशेजारची लांबट खोली, बारा बाकं, एक फळा. चावीची ही दुसरी खेप होती. पहिल्यांदा सुटला तेव्हा फाटकाबाहेर फक्त जुना जोडीदार टेम्पो घेऊन उभा होता. आठ महिन्यांत चावी परत आत.

"त्याने बोलावलं, मी गेलो," तो सांगायचा. "दुसरं कोण होतं बोलवायला?"

चावी सात महिन्यांत लिहायला शिकला. 'ताई, मी बरा आहे. हे मीच लिहिलंय.' बाईंनी लाल पेनाने वेलांट्या सुधारल्या, त्याने पत्र नीट उतरवून काढलं आणि पाकीट टपालात गेलं.

तीन आठवडे उत्तर आलं नाही. चौथ्या आठवड्यात चावीने वही उघडणं सोडलं.

त्या रविवारी बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि त्यांनी तिरप्या, घाईच्या अक्षरात ताईच्या नावाने पान भरलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही पोराला शेजाऱ्याच्या पेपरात डोकावू दिलं नव्हतं. आता स्वतःच दुसऱ्याचं अक्षर गिरवताना त्यांचे कान तापले. पत्र त्यांनी लांबच्या पेटीत टाकलं.

मंगळवारी चावी सगळ्यांच्या आधी वर्गात हजर होता.

असं चार वर्षं चाललं. तो दर महिन्याला ताईला लिहायचा, बाई वर्गात पत्र तपासायच्या आणि त्याला उत्तरही त्याच लिहायच्या. पत्रातली ताई रागवायची, चेष्टा करायची, गणिताचे मार्क विचारायची. 'दहावी झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस,' असं तिने दटावलं, आणि चावी दहावी झाला. मग वायरमनची परीक्षाही पास झाला. नव्या कैद्यांना बाराखडी आता तोच शिकवायचा.

"बाई, तुमच्या विद्यार्थ्याची पाकिटं फार जाड असतात हो," टपाल बघणारा कारकून एकदा म्हणाला. "बहिणीला पत्र लिहितो की कादंबरी?"

"लिहू दे हो," बाई हसल्या. "उशिरा शिकलाय, हौस आहे."

सुटकेची तारीख लागली. एका ठेकेदाराने चावीला कामावर घ्यायचं कबूल केलं होतं, पण राहायची सोय काय, असं विचारलं की तो एकच सांगायचा, "ताईकडे." त्या दाराशी काय होणार, हे बाईंना माहीत होतं. तिथून हाकलला गेला, तर जोडीदाराचं दार त्याला कायम उघडं होतं. खरं सांगायला त्या तीनदा गेल्या आणि तीनदा व्याकरणावर बोलून परतल्या.

शेवटच्या शुक्रवारी त्यांनी कसंबसं विचारलं, "ताईने घरात घेतलं नाही तर?"

"तर नाही घेतलं."

"मग कुठे जाशील?"

"बघू की, बाई. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

सुटकेच्या दिवशी सकाळी बाई फाटकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. भिंतीच्या कडेला एक टेम्पो उभा होता, आत जोडीदार. पलीकडच्या बाकावर एक पिकल्या केसांची बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. कोणाची तरी आई असावी.

फाटकातला छोटा दिंडी दरवाजा उघडला. चावी बाहेर आला. टेम्पोचा हॉर्न वाजला. चावीने तिकडे बघून नकाराचा हात हलवला आणि तो सरळ बाईंकडे आला. टेम्पो थोडा वेळ थांबला आणि निघून गेला.

तो पाया पडायला वाकला, तशा बाई मागे सरकल्या.

"थांब. आधी ऐक. ती पत्रं तुझ्या ताईची नव्हती. मी लिहायचे. सगळी."

"माहीत आहे, बाई."

"कधीपासून?"

"पहिल्या पत्रापासून. वहीत लाल पेनाने काढलेला तुमचा 'ळ' आणि पत्रातला ताईचा 'ळ', जुळी भावंडं. मीही नजरेच्याच धंद्यात होतो ना."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर पुढचं पत्र आलं असतं का?"

डोळे पुसायला बाई रुमाल शोधू लागल्या, तेवढ्यात बाकावरची बाई उठून जवळ आली. चावीने तिच्या हातातली पिशवी घेतली.

"ही ताई," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात हिचं एका शब्दाचं पत्र आलं. 'येते.'"

ताईने बाईंचे दोन्ही हात धरले.

"माझ्या नावाने तुम्ही लिहिलेलं प्रत्येक पत्र हा स्वतःच्या पत्रासोबत मला पाठवायचा," ती म्हणाली. "पहिली काही मी न उघडताच कपाटात टाकली. मग एक उघडलं, आणि सगळी वाचून काढली. तुमची ती ताई फार चांगली आहे हो, बाई. तिच्यासारखं व्हायला मला तीन वर्षं लागली."