न भांडणारा दिगंबर

गेले तीन आठवडे दिगंबर रेडकर एकदाही भांडला नव्हता, म्हणूनच मृणालिनीला संशय आला. ती नांदेडची, तो मालवणचा. नव्या ऑनलाइन खेळातल्या चुका शोधणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात दोघं दोन वर्षं होती, आणि बोलणं सगळं गटाच्या सामायिक ऑनलाइन फलकावर. तिच्या प्रत्येक नोंदीवर तो हुज्जत घालायचा. हल्ली मात्र "बरोबर आहे, ताई" एवढंच लिहून मोकळा व्हायचा.

तिने मुद्दाम खोटी चूक नोंदवली, की किल्ल्याचा पूल हवेत तरंगतो. लगेच उत्तर आलं, "हो ताई, मलाही दिसला."

फलकावरच्या जुन्या यादीत नंबर शोधून तिने फोन लावला.

"दिगंबर, पूल तरंगताना खरंच पाहिलास?"

"कसला पूल? आणि ताई, तुम्ही माझ्यावर रागावलात का? महिनाभर नुसतं 'छान, दिगंबर' लिहिताय."

तिने असं एकदाही लिहिलं नव्हतं. दोघांनी आपापल्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवला, तर एकही ओळ जुळेना. म्हणजे गटातले वाद मिटावेत म्हणून फलक चालवणाऱ्या संगणकप्रणालीनेच मध्ये त्यांच्या नावाने लिहिणारे गोडबोले सोंगाडे बसवले होते.

"मग बाकीचे पाच जण?" दिगंबरचा आवाज उतरला.

"विचारूया." तिने पुन्हा यादी उघडली. तिच्या डोळ्यांदेखत पहिला नंबर पुसला गेला, मग दुसरा.

"लिहून घे, पटकन!" ती ओरडली आणि उरलेले तीन नंबर भराभर वाचू लागली.