तीनच्या आत

शेखरनं टोपण काढून पेन वडिलांच्या, आबांच्या हातात दिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तीनच्या आत फंडातले पैसे काढायचा फॉर्म गेला तर आजचा भाव मिळणार होता, आणि उद्याचा भाव आजच्यापेक्षा बरा असेल असं म्हणायला टीव्हीवरसुद्धा कुणी धजत नव्हतं.

"करा सही, आबा," शेखर म्हणाला. "लई झालं आता."

बहिरूआबा सही करणारच होते. पण पैसे गुंतवून देणारा अनिकेत समोर बसला होता, आणि माणसाला घरी बोलावून घेतल्यावर त्याचं ऐकल्याशिवाय काही करायचं नाही, ही आबांची जुनी खोड. तेवढ्यासाठी बिचाऱ्याला भर उन्हात पौडहून रिहे गावात यावं लागलं होतं.

अनिकेत म्युच्युअल फंडाचं काम करायचा. दोन वर्षांपूर्वी आबांनी रस्त्याकडेचं रान विकलं आणि तीस लाख हातात आले. त्यातले आठ लाख अनिकेतनं हट्टानं बँकेत एफडीत ठेवायला लावले. घरखर्चाचे पैसे बाजारात घालायचे नाहीत, हा त्याचा नियम. उरलेले बावीस फंडात गेले. गणपतीपर्यंत त्या बावीसचे पंचवीस झाले, तेव्हा शेखर त्याला भाऊ म्हणायचा. आता एकोणीसही उरले नव्हते, आणि शेखर त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हता.

"आबा, आत्ता काढले की तोटा पक्का झाला," अनिकेत म्हणाला. "तुम्हाला सात-आठ वर्षं ह्या पैशाची गरज न्हाई. एफडी हाय. भुकूमच्या खोल्यांचं भाडं येतंय. कशासाठी काढताय?"

हे सगळं त्याला पाठ होतं. सकाळपासून फोनवर अकरा जणांना तो हेच सांगत होता. दर वेळी आवाज कसा ठाम निघत होता, आणि त्या ठामपणाचीच त्याला शिसारी यायला लागली होती. कारण सकाळी नऊ चाळीसला, न्हाणीघराची कडी लावून, त्यानं स्वतःचे पैसे काढायचं बटण दाबलं होतं. काही अडलं नव्हतं. कुणाचं आजारपण नव्हतं. रोज लाल आकडे बघून बघून धीर सुटला होता, एवढंच. बायकोलासुद्धा त्यानं सांगितलं नव्हतं.

शेखरच्या आई तुळजाबाई चहा घेऊन आल्या. "त्या पोराच्या तोंडाकडं बघा की जरा," त्या आबांना म्हणाल्या. "जेवलाय का न्हाई कुणाला ठावं." अनिकेतनं कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. खिशात फोन थरथरला. त्याच्याच पैशांचा मेसेज असणार. त्यानं फोन बाहेर काढला नाही.

"वाजले किती बघा," शेखर म्हणाला. "फॉर्म घेऊन जायचाय का बोलतच बसायचंय?"

आबांनी पेन कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. त्यांना सही करायला तशीही पाच मिनिटं लागायची. मग त्यांनी मान वर केली.

"एकच सांग मला, अनिकेत. हे पैसं तुझं असतं, तर तू काय केलं असतंस?"

उत्तर तयार होतं. 'हात लावला नसता.' अकरा जणांना ते देऊन झालं होतं आणि अकराच्या अकरा जणांना ते पटलं होतं. बाराव्यांदा द्यायला त्यानं तोंड उघडलं. आबा त्याच्या डोळ्यांत बघत होते. रिह्यातली नऊ घरं ह्या एका म्हाताऱ्याच्या शब्दावर त्याच्याकडे आली होती. ती गेली तर त्याला धंद्याचा बोर्ड उतरवावा लागणार होता. हे सगळं त्याला नीट कळत होतं, तरीही तोंडातून दुसरंच बाहेर पडलं.

"मी माझे काढले, आबा. आज सकाळी. सगळे."

तुळजाबाई हातातला ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. शेखर हसला. "ऐकलंत? आपल्याला बसा म्हणतोय आन् ह्यो सोता उडी मारून मोकळा."

"भ्यालो," अनिकेत म्हणाला. आता आवाज ठाम नव्हता. "तुमची एफडी करून दिली, सोताची केली न्हाई. होते नव्हते ते समदे त्यातच घातले. मग रात-रात झोप लागंना. तुमी काढू नका, हे अजूनबी खरं हाय, आबा. पण म्या काढले, हेबी खरंच हाय."

त्यानं पिशवी जवळ ओढली. आता 'ऊठ' म्हणतील, मग निघायचं. संध्याकाळपर्यंत बातमी खोरंभर होईल.

"किती गेलं तुझं?" आबांनी विचारलं.

"नव्वद हजार."

"सोताचं?"

"सोताचं."

आबांनी शेखरच्या हातातून टोपण घेतलं आणि पेनाला बसवलं.

"रान इकल्यापासनं ह्या वट्यावर सागाची झाडं इकणारे येऊन गेले, पलाट इकणारे येऊन गेले," ते शेखरला म्हणाले. "ह्यात तुमचा सोताचा रुपया किती, म्हणून मी परतेकाला इचारलं. समदे नुसते हसले. फॉर्म आत ठिव. आपल्यासंगं बुडालेला हा पैलाच हाय."