पडद्यामागे कोण

नाशिकमधले निम्मे लोक थिऑसॉफीवाल्या देवस्थळींना द्रष्टे म्हणत, निम्मे लबाड. तुमचं तेजोवलय निरोगी दिसतंय, असं त्यांनी सांगितल्यापासून मखमलाबादच्या आक्काबाईंनी हृदयाच्या गोळ्या सोडल्या होत्या. म्हणून आक्काबाईंची मुलगी प्रतिभा देवस्थळींच्या भर सभेत उठून मंचावरच्या पडद्याजवळ गेली.

"या पडद्यामागे मी कुणाला तरी उभं केलंय. कोण आहे ते सांगा."

देवस्थळींनी डोळे मिटले. "हिरव्या लुगड्यातली म्हातारी."

प्रतिभाने पडदा ओढला. मागे नुसती भिंत होती. सभेत हशा पिकला.

देवस्थळींची मान खाली गेली. "खरं सांगतो, मला कधीच काही दिसलेलं नाही."

प्रतिभाने पहिल्या रांगेत बसलेल्या आईपुढे गोळी धरली. "ऐकलंस ना? आता घे."

आक्काबाई तिच्या खांद्यावरून मागे पाहत होत्या. त्यांनी हळूच डोक्यावर पदर घेतला. "आधी त्यांना बसू दे. कवाच्या उभ्या हायेत."

हशा थांबला. सगळेच आता तिकडे पाहत होते. एकटे देवस्थळी गोंधळून विचारत होते, "काय झालं?"

"मागे कोणी नाही, आई. गोळी घे."

प्रतिभाच्या मागची खुर्ची सरकली. तिने मान वळवली नाही. हात तसाच पुढे धरला.