बोटांमधली फट

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं ते तीनेकशे वर्षांपूर्वीचं चित्र संग्रहालयात आलं, आणि त्याखालची पाटी लिहायचं काम तिथल्या एका तरुण सहायिकेच्या वाट्याला आलं. पंखवाला म्हातारा, म्हणजे काळ, पाठ फिरवून निघालाय. मागे एक बाई दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून धाय मोकलून रडतेय. सहायिकेने पाटीवर 'शोक' लिहिलं आणि सहज म्हणून भिंग धरलं. बघते तर काय, बोटांच्या फटीतून बाईचा एक डोळा टक्क उघडा!

"सर, ही तर आमच्या आईसारखी नाटकी निघाली! मी निघाले की तीही दारात अस्संच करते. मी वळूनसुद्धा बघत नाही."

विभागप्रमुख सर हसले. "सोंग असेलही. पण तो डोळा बघतोय कुठे?"

तिने नजरेच्या रेषेत भिंग हळूहळू पुढे नेलं. रेषा म्हाताऱ्याच्या मानेपाशी थांबली. तो मागे वळतोय का, एवढंच ती बाई बघत होती.

रविवारी आईकडून निघताना नेहमीचं रडणं झालं. फाटकापाशी ती पहिल्यांदाच थांबली आणि वळली.

दारातल्या आईच्या बोटांमधली फट चटकन मिटली.