मनगट

टीव्हीवरचा माऊसचा बाण पुन्हा थरथरायला लागला आणि मुलगा वैतागला. “आई, बाबांचा कीबोर्ड बिघडलाय. मी हात हलवतसुद्धा नाहीये!”

तळहातात मावणारा तो कीबोर्ड ह्यांच्या आजारपणात आणला होता. तो धरून हवेत हात फिरवला की पडद्यावर बाण फिरायचा. पण ह्यांना कंपवात. बाण जागेवर ठरायचाच नाही. मग मी ह्यांचं मनगट धरून ठेवायचे. हे गेल्यावर आज पहिल्यांदाच तो कीबोर्ड कपाटातून निघाला होता.

मुलानं कीबोर्ड टीपॉयवर ठेवून दिला. बाण थरथरतच राहिला.

सवयीनं माझा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे गेला आणि बोटं हवेतच मिटली.

बाण थांबला.

“झाला की नीट! काय केलंस गं?”

मिटलेल्या बोटांना नाडी लागत होती.